खानदेशातील 'हेंप': ताग, अंबाडी, गांजा आणि परागीभवनाचा प्रश्न

प्रस्तावना

खानदेशच्या कृषी इतिहासाचा विचार करताना कापूस, केळी, ज्वारी, भुईमूग ही पिके प्रथम डोळ्यांसमोर येतात. ज्या पिकांच्या वाखापासून मोटेचा नाडा, बैलांचे कासरे व बाजेचे दोर वळले गेले, ती पिके मात्र इतिहासलेखनात फारशी आढळत नाहीत. इंग्रजी अमदानीतील महसुली व अबकारी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख येतो; पण तो बहुधा 'हेंप' या एकाच शब्दाने येतो. हा शब्द कधी तागासाठी, कधी अंबाडीसाठी, तर कधी गांजाच्या झाडासाठी वापरलेला असतो. अशा कागदपत्रांचा उतारा वर्गात वाचावयास दिला की विद्यार्थी चटकन 'ताग' असे भाषांतर करतात. पुढच्याच ओळीत अबकारी परवान्याचा उल्लेख आला म्हणजे तागाला परवाना कशासाठी, असा प्रश्न त्यांना पडतो. प्रश्न साधा असला तरी त्याच्या मुळाशी एक दुर्लक्षित इतिहास आहे.

या इतिहासाकडे वळण्याचे तात्कालिक कारण वेगळे आहे. अमेरिकेत २०१८ च्या कृषी कायद्याने औद्योगिक हेंपच्या लागवडीस देशभर मोकळीक मिळाली. त्यानंतर ओरेगॉनसारख्या पश्चिमेकडील राज्यांत उघड्या रानात औषधी वा मादक उपयोगासाठी कॅनाबिस पिकविणारे शेतकरी आणि शेजारी धाग्यासाठी किंवा बियांसाठी हेंप लावणारे शेतकरी यांच्यात तंटे निर्माण झाले. एकाच्या शेतातील पराग वाऱ्याबरोबर दुसऱ्याच्या शेतात जातो आणि त्याचे पीक बिघडवितो, अशी ही तक्रार आहे. भारतातही औद्योगिक हेंपची चर्चा सुरू झाली असून उत्तराखंड राज्याने २०१८ मध्ये अशा लागवडीस परवाना दिला. उद्या हे पीक तापीच्या खोऱ्यात आले तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर केवळ वनस्पतिशास्त्राकडे मागून चालणार नाही. त्यासाठी या प्रदेशाचा इतिहासही तपासावा लागेल.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) खानदेशात 'हेंप' या शब्दाखाली कोणकोणती पिके मोडत होती, ते स्पष्ट करणे.
२) गांजाच्या लागवडीत नर झाडे काढून टाकण्याच्या परंपरागत पद्धतीचे महत्त्व व १८९३-९४ च्या आयोगाचे धोरण यांचा संबंध तपासणे.
३) या इतिहासाच्या आधारे परागीभवनाच्या आजच्या प्रश्नाचा खानदेशच्या संदर्भात विचार करणे.

खानदेश या संज्ञेत येथे आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे अभिप्रेत असले तरी विवेचनाचा भर जळगाव व धुळे यांवर आहे.

१. भौगोलिक व प्रशासकीय पार्श्वभूमी

१८१८ मध्ये पेशवाईच्या अस्तानंतर खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे येथे प्रशासनाचे ठाणे केले. १९०६ मध्ये या विस्तीर्ण जिल्ह्याचे विभाजन होऊन जळगाव हे पूर्व खानदेशाचे व धुळे हे पश्चिम खानदेशाचे मुख्यालय झाले. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधून वाहणारी तापी, असा हा मुलूख आहे.

या लेखाच्या दृष्टीने खानदेशचे स्थान महत्त्वाचे ठरते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानात गांजाच्या लागवडीची जी मोजकी प्रमुख क्षेत्रे होती, त्यांपैकी दोन खानदेशच्या दोन अंगांना होती. ईशान्येस मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्याचे खंडवा होते आणि दक्षिणेस मुंबई इलाख्यातील अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. तिसरे मोठे क्षेत्र दूर बंगालमध्ये, राजशाही जिल्ह्यातील नौगाव परिसरात होते. निमाड आणि खानदेश यांचे नाते तर फारूकी सुलतानांच्या काळापासूनचे आहे. त्यांची राजधानी बुऱ्हाणपूर याच दोहोंच्या सीमेवर वसलेली आहे. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग भुसावळवरून खंडव्याकडे गेला आणि १८७० मध्ये जबलपूर येथे तो कलकत्त्याकडील मार्गास मिळाला. त्यामुळे खंडवा व खानदेश अधिकच जवळ आले. गांजाचे पीक व त्याचा व्यापार या गोष्टी खानदेशला परक्या नव्हत्या, एवढे यावरून ध्यानात यावे.

२. एक शब्द आणि अनेक झाडे

'हेंप' हा युरोपीय शब्द मुळात कॅनाबिस सटायव्हा या वनस्पतीचा आहे. लिनियसने १७५३ मध्ये तिला हे शास्त्रीय नाव दिले. युरोपात ती मुख्यतः धाग्यासाठी पिकविली जाई. जहाजांची शिडे व दोरखंड त्यापासूनच बनत आणि त्यासाठी इंग्लंडचे आरमार रशियातून येणाऱ्या मालावर अवलंबून होते. नेपोलियनच्या युद्धांत हा पुरवठा धोक्यात आला, तेव्हा कंपनी सरकारने हिंदुस्थानात पर्यायी धागा शोधण्याचे प्रयत्न केले. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात तीच अडचण पुन्हा उद्भवली. जे. एफ. रॉईल याने हिंदुस्थानातील धागा देणाऱ्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ १८५५ मध्ये प्रसिद्ध केला, तो याच पार्श्वभूमीवर.

या शोधात इंग्रज अधिकाऱ्यांना येथे दोर देणारी जी जी झाडे दिसली, त्यांना त्यांनी आपल्या परिचयाचे नाव दिले. ताग 'सन हेंप' झाला आणि अंबाडी 'डेक्कन हेंप' किंवा 'बॉम्बे हेंप' झाली. वास्तविक ताग (क्रोटलॅरिया जुन्सिया) हे शेंगवर्गीय पीक होय. त्याची फुले पिवळी असतात आणि त्यांचे परागीभवन भुंग्यांसारख्या मोठ्या मधमाश्या करतात. अंबाडी (हिबिस्कस कॅनाबिनस) ही भेंडी व कापूस यांच्या कुळातील आहे. तिच्या शास्त्रीय नावातील 'कॅनाबिनस' या पदाचा अर्थच 'हेंपसारखी' असा आहे. पानांच्या ठेवणीतील साम्यामुळे हे नाव पडले. नात्याशी त्याचा काही संबंध नाही. गांजाचे झाड या दोहोंहून निराळ्या कुळातील असून त्याचे परागीभवन वाऱ्याने होते. त्यामुळे तागाचा वा अंबाडीचा पराग गांजाला लागू पडणे किंवा गांजाचा पराग या पिकांना लागू पडणे ही गोष्ट निसर्गतः अशक्य आहे.

मराठीतही नावाचा एक घोटाळा आहे, हे मान्य केले पाहिजे. शालेय भूगोलात बंगालच्या ज्यूटलाही 'ताग' म्हटले जाते आणि हावड्याच्या 'तागाच्या गिरण्या' आपण सर्वांनी पाठ केलेल्या असतात. ज्यूट ही पुन्हा चौथीच वनस्पती. परंतु ही गल्लत पुस्तकातली आहे. शेतकऱ्याने हिरवळीच्या खतासाठी व वाखासाठी ताग पेरला. अंबाडीची कोवळी पाने भाजीसाठी खुडली, तिचे दांडे पाण्यात कुजवून वाख सोलला. आणि गांजा हे झाड त्याने निराळेच मानले. मोटेचा नाडा, सोंदूर, कासरा, दावे, चऱ्हाट यांसाठी गांजाच्या झाडाचा धागा वापरण्याची रीत दख्खनमध्ये रूढ नव्हती. वाख वळून दोर करण्याचे काम बलुतेदारीत मातंग समाजाकडे होते आणि पोळ्याला बैलांच्या अंगावर चढणारा नवा साज त्यांच्याच हातून येत असे.

येथे एक ऐतिहासिक वस्तुस्थिती अधोरेखित करणे आवश्यक आहे. कॅनाबिसची धाग्यासाठी लागवड हिंदुस्थानात मुख्यतः हिमालयाच्या कुशीत, कुमाऊँ-गढवाल या भागांत होत असे. गांजासाठी लागवड बंगाल, निमाड व दख्खन येथे होत असे. दोन उपयोगांमध्ये शेकडो मैलांचे अंतर होते. हे अंतर कोणत्याही कायद्याने ठरविलेले नव्हते. खानदेशच्या शेतकऱ्याजवळ दोरासाठी ताग व अंबाडी ही समर्थ पिके होती, म्हणून ते आपोआप राखले गेले. धाग्याच्या हेंपचा पराग गांजाच्या शेतात जाऊन नुकसान होण्याचा प्रसंग दख्खनमध्ये उद्भवला नाही, त्याचे हे खरे कारण होय.

३. नर झाड व मादी झाड

गांजाच्या पिकात परागाचा प्रश्न मुळीच नव्हता असे मात्र नाही. तो शेजारच्या शेतातून येत नसून शेताच्या आतच उभा राहत होता. कॅनाबिसची नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. वाऱ्याबरोबर नराचा पराग मादीच्या फुलांवर पडला की बी धरते. बी धरले की झाडाचे सारे बळ बियांकडे वळते, नवीन फुलोरा थांबतो आणि ज्या राळेसाठी गांजा पिकविला जातो, ती कमी होते. परागाविना राहिलेल्या मादीचा फुलोरा मात्र वाढत जातो आणि राळेने चिकट होतो. म्हणून गांजाच्या शेतातील प्रत्येक नर झाड फुलण्यापूर्वी उपटणे, हे या पिकातील सर्वांत जोखमीचे काम ठरते. धाग्याच्या पिकात याच्या नेमके उलट असते. तेथे झाडे दाट पेरतात, नराचा धागा अधिक मऊ असतो आणि नर काढून टाकण्याचे काही कारण नसते. साहजिकच धाग्याचे शेत म्हणजे परागाचे भांडार होय. आजच्या तंट्याचे मूळ या दोन पद्धतींच्या विरोधात आहे.

नर-मादी ओळखण्याचे हे ज्ञान सोपे नाही. फुलावर येण्याच्या सुमारास, तेही काही दिवसच, ते ओळखता येतात. नर झाडे सामान्यतः मादीपेक्षा थोडी आधी फुलतात, त्यामुळे हयगयीला जागा नसते. बंगालमध्ये या कामासाठी 'पोद्दार' किंवा 'परखदार' नावाचा जाणकार मोबदला देऊन बोलावीत. तो ओळींतून फिरत नर झाडे हेरून मोडीत जाई आणि मागाहून शेतकरी ती उपटीत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला 'गांजा डॉक्टर' असे नाव दिले. पुढे आणखी झाडे फुलत, तेव्हा शेताची पुन्हा पुन्हा तपासणी होई. एवढे करूनही काही मादी झाडांवर क्वचित नर फुले येतात, त्यामुळे थोडे बी धरतेच.

या झाडाचे लिंग युरोपातही दीर्घकाळ उलटे समजले गेले होते, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. इंग्लंडातील शेतकरी बी देणाऱ्या धिप्पाड झाडाला पुरुषवाचक 'कार्ल' म्हणत आणि वस्तुतः नर असलेल्या सडपातळ झाडाला 'फिंबल' म्हणत. या शब्दाचा उगम 'मादी' अशा अर्थाच्या शब्दात आहे. हिंदुस्थानातील काही भागांतही लोकव्यवहारात असाच उलटा प्रकार असल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी केली आहे. वनस्पतींना लिंगभेद असतो, हे ट्यूबिंगेनच्या कामेरारियसने १६९४ मध्ये प्रयोगांनी मांडले. त्याच्या प्रयोगांत हेंपचाही समावेश होता आणि नरांपासून दूर ठेवलेल्या मादी झाडांनीही थोडे बी धरल्यामुळे तो बुचकळ्यात पडला होता. तात्पर्य असे की, नावे उलटी असली तरी कोणते झाड ठेवावे व कोणते उपटावे याविषयी शेतकऱ्याचा व्यवहार अचूक होता.

खानदेशच्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. पपईच्या जुन्या वाणांत नर व मादी झाडे वेगळी निघत; फुले दिसताच जादा नर काढून थोडेच ठेवावे लागत. पपईला बी धरण्यासाठी काही नर हवे असत, गांजाला एकही नको असे, एवढाच फरक. १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीपासून बीजोत्पादनाचे प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्यांना 'विलगीकरण अंतर' हा शब्दही परिचित झाला. शेजाऱ्याने दुसरा वाण पेरला तर आपले बियाणे नापास होते, हा अनुभव या पट्ट्यात नवा नाही.

४. १८९३-९४ चा आयोग

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य व मद्यपानविरोधी चळवळीचे पुरस्कर्ते डब्ल्यू. एस. केन यांनी हिंदुस्थानातील गांजा-भांगेच्या सेवनाविषयी प्रश्न उपस्थित केला. त्यातून जुलै १८९३ मध्ये इंडियन हेंप ड्रग्ज कमिशनची नेमणूक झाली. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्यासह त्यात सात सदस्य होते. मुंबई इलाख्यातील एच. टी. ओमनी, मध्य प्रांतातील ए. एच. एल. फ्रेझर व रसायनशास्त्रज्ञ सी. जे. एच. वॉर्डन हे त्यांपैकी होत. राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनाम सिंग व लाला निहाल चंद हे तीन हिंदी सदस्य होते. आयोगाने सत्तर प्रश्नांची प्रश्नावली काढली, १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले आणि ऑगस्ट १८९४ मध्ये अहवाल सादर केला.

हा अहवाल प्रामुख्याने सेवनाच्या परिणामांसाठी उद्धृत केला जातो. माफक सेवनाने उल्लेखनीय हानी होत नाही, संपूर्ण बंदीची आवश्यकता नाही आणि नियंत्रण व कर हाच योग्य मार्ग होय, असे त्याचे सार सांगितले जाते. परंतु शेतीच्या इतिहासकाराला त्यातील लागवडीविषयीचा भाग अधिक मोलाचा वाटेल. झाड आपोआप कोठे उगवते, ते कोठे पेरले जाते आणि पेरले जात असल्यास गांजासाठी, चरससाठी, भांगेसाठी की धागा-बियांसाठी, असे प्रश्न आयोगाने विचारले. म्हणजेच एका झाडाचे उपयोग निरनिराळे आहेत आणि त्यानुसार लागवडीची पद्धत बदलते, हे आयोगाने ओळखले होते. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील डेव्हिड प्रेन याने १८९३ मध्ये बंगालमधील गांजाच्या लागवडीवर तयार केलेला अहवालही या कामी महत्त्वाचा ठरला. नर झाडे काढण्याच्या पद्धतीचे शास्त्रीय मर्म त्यातून स्पष्ट झाले. रानटी झाडांपासून चांगला गांजा मिळत नाही याचेही उत्तर त्यातच आहे, कारण तेथे नर व मादी एकत्र वाढतात.

आयोगाने परवान्याविना लागवडीस मनाई करावी आणि लागवड मर्यादित क्षेत्रांत एकवटावी, अशी शिफारस केली. यामागील हेतू उघडपणे महसुली होता. विखुरलेल्या शेतांवर देखरेख ठेवणे कठीण असते, चोरटा माल निघतो आणि कर बुडतो. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मादक पदार्थ आधीच सरकारी नियंत्रणाखाली आले होते. ही शिफारस त्याच दिशेने पुढे जाणारी होती. परंतु या धोरणाचा एक अनपेक्षित परिणामही संभवतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गांजाची शेते एका पट्ट्यात आली की त्या पट्ट्यातील सर्वांचे हित एकच होते. कोणालाच नर झाड नको असते. एका शेतकऱ्याने केलेली हयगय दहा शेजाऱ्यांना भोवते, म्हणून परस्परांवर लक्ष ठेवणे क्रमप्राप्त ठरते. नौगावच्या गांजा उत्पादकांनी १९१७ मध्ये सहकारी संस्था स्थापन केली. तिचा हेतू मुख्यतः व्यापारी असला तरी अशा पिकाला सामूहिक शिस्त किती पोषक असते, हे त्यावरून लक्षात येते. कर गोळा करण्यासाठी केलेल्या एकत्रीकरणाने परागाचा प्रश्नही परस्पर आटोक्यात ठेवला.

५. परवान्याकडून बंदीकडे

विसाव्या शतकात चित्र पालटत गेले. १९२५ च्या जिनिव्हा करारात 'इंडियन हेंप'चा समावेश झाला. १९३० मध्ये डेंजरस ड्रग्ज ॲक्ट आला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय एकल कराराने कॅनाबिसवर कठोर नियंत्रण आणले. मात्र त्याच कराराच्या अठ्ठाविसाव्या कलमाने धागा, बी यांसारख्या औद्योगिक व उद्यानविषयक हेतूंसाठी केलेली लागवड नियंत्रणातून वगळली. भारताने १९६४ मध्ये हा करार मान्य केला आणि परंपरागत सेवन टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी २५ वर्षांची सवलत घेतली. तिची मुदत संपण्यापूर्वीच, १९८५ मध्ये अमली पदार्थ व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ कायदा संमत झाला.

या कायद्याच्या व्याख्या परागीभवनाच्या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत. 'कॅनाबिस वनस्पती' म्हणजे कॅनाबिस प्रजातीतील कोणतेही झाड, असे कायदा म्हणतो. त्यामुळे ताग व अंबाडी निःसंदिग्धपणे बाहेर राहतात. जुन्या कागदपत्रांतील घोटाळा येथे मिटला. परंतु धाग्याचे कॅनाबिस व गांजाचे कॅनाबिस हा भेद मात्र व्याख्येत उरला नाही. गांजा म्हणजे झाडाचे फुललेले अथवा फळलेले शेंडे, अशी व्याख्या असल्याने बी धरलेले व न धरलेले पीकही कायद्यास सारखेच. शेतकऱ्याच्या व पोद्दाराच्या दृष्टीने जो फरक पिकाचे मोल ठरवीत होता, तो कायद्याच्या लेखी नाहीसा झाला. बेकायदा लागवडीसाठी कलम २० अन्वये दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धागा, बी वा उद्यानविषयक हेतूंसाठी शासन लागवडीस परवानगी देऊ शकते, ही तरतूद कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये याच वाटेने पाऊल टाकले आणि टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल या मादक घटकाची मर्यादा ०.३ टक्के ठेवली. कुमाऊँ-गढवाल हा धाग्याच्या हेंपचा जुना मुलूख असल्याने तेथील निर्णयाला परंपरेचा काही आधार तरी आहे.

६. खानदेशातील आजचा प्रश्न

खानदेशात तशी परंपरा नाही. येथे आज कॅनाबिस आहे ते चोरट्या शेतांत. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी व मध्य प्रदेशच्या सीमेलगत, कापूस, तूर, मका यांच्या आडोशाने घेतलेली गांजाची पिके पोलिसांनी उपटून नष्ट केल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार वाचावयास मिळतात. या शेतांमागे भांडवल बहुधा दुसऱ्याचे असते. हातात बेड्या पडतात त्या मात्र अनेकदा जमीन कसणाऱ्याच्या. शेतमालाच्या भावाने मेटाकुटीस आलेल्या शेतकऱ्याला हे पीक खुणावते, हेही नाकारता येत नाही. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातून एका शेतकऱ्याने गांजा लावण्याची परवानगी थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. त्या अर्जामागे नशेपेक्षा पिकाला न मिळणाऱ्या भावाचे दुःख अधिक होते.

अशा स्थितीत तापीकाठी परवान्याचे हेंप आले असे समजू. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोरट्या शेतात एखादे नर झाड उभे आहे. त्याचा पराग वाऱ्यावर खाली आला आणि हेंपच्या मादी झाडांवर पडला. त्या वर्षी हेंपच्या पिकाचा गुणधर्म बदलणार नाही, कारण फुलोरा आईच्या झाडाचाच असतो. परंतु त्यातून धरलेले बी पुढील हंगामात पेरले, तर निघणारी संकरित झाडे मधल्या प्रकृतीची असतील आणि ०.३ टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याची शक्यता राहील. घरचे बी राखून पेरणारा शेतकरी काहीही चूक न करता परवानाधारकाचा आरोपी होऊ शकेल. अमेरिकेत अशी मर्यादा ओलांडलेले पीक नष्ट करावे लागू शकते. येथे तर फौजदारी कायदा उभा आहे.

पराग किती दूर जातो, याविषयी दोन्ही टोकांची मते टाळली पाहिजेत. त्यातील बहुतांश भाग शेताच्या आसपासच पडतो आणि अंतराबरोबर त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. तरीही बियाणे प्रमाणीकरणासाठी काही देशांत कित्येक किलोमीटरचे अंतर मागितले जाते, आणि उत्तर आफ्रिकेतील कॅनाबिसचा पराग भूमध्य समुद्र ओलांडून स्पेनच्या मालागा शहरातील हवेत आढळला आहे. दोन-चार एकरांची शेते असलेल्या मुलखात किलोमीटरचे अंतर कोणीही एकट्याने राखू शकत नाही. ते शेजाऱ्यांच्या संमतीनेच राखता येते. ज्या शेजाऱ्याचे पीक चोरटे आहे, त्याच्याशी असा करार करणे तर अशक्यच. बंदी आणि परवाना ही दोन धोरणे एकाच खोऱ्यात एकत्र नांदली तर परवानाधारक शेतकऱ्याचे संरक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

निष्कर्ष

१) इंग्रजी अमदानीतील 'हेंप' या शब्दाखाली खानदेशात परस्परांशी कोणतेही नाते नसलेली पिके एकत्र आली. कागदपत्रे वाचताना संदर्भानुसार ताग, अंबाडी व गांजा यांतील भेद करणे संशोधकाला अनिवार्य आहे.
२) दख्खनमध्ये धाग्याचे हेंप व गांजा यांच्यातील परागाचा संघर्ष उद्भवला नाही, याचे श्रेय कायद्यापेक्षा ताग व अंबाडी यांना जाते.
३) नर झाडे ओळखून काढण्याचे परंपरागत ज्ञान हे या पिकाच्या परागनियंत्रणाचे खरे साधन होते. १८९४ च्या आयोगाने महसुलासाठी सुचविलेल्या एकत्रीकरणाने त्यास अप्रत्यक्ष बळ मिळाले.
४) १९८५ च्या कायद्याने वनस्पतीची व्याख्या स्पष्ट केली, मात्र लागवडीच्या हेतूंतील भेद व्याख्येतून वगळून परवान्यावर सोपविला. परागीभवनातून येणारी जोखीम त्यामुळे शेतकऱ्याच्या माथी येते.
५) औद्योगिक हेंप खानदेशात आणण्यापूर्वी प्रमाणित बियाण्याचा दरवर्षी पुरवठा, गावपातळीवरील विलगीकरण आणि परागामुळे मर्यादा ओलांडली गेल्यास फौजदारी कारवाईपासून संरक्षण, या तीन बाबींची हमी आवश्यक ठरते.

यापुढे जाऊन एक गोष्ट सुचवावीशी वाटते. धागाच हवा असेल तर तो देणारी पिके या मातीत पूर्वापार आहेत. तागाला परवाना लागत नाही, त्याचा पराग कोणाला गुन्हेगार करीत नाही आणि तो जमिनीला नत्र देऊन जातो. अंबाडी तर आजही घराघरांत भाजीच्या रूपाने शिल्लक आहे. नायलॉनच्या दोराने वाख वळणाऱ्या हातांचे काम गेले आणि त्याबरोबर त्यांची भाषाही चालली आहे. नाडा, सोंदूर, चऱ्हाट हे शब्द आजच्या विद्यार्थ्यांना शब्दकोशात पाहावे लागतात. आपापल्या महाविद्यालयाच्या परिसरातील वृद्ध शेतकरी व दोर वळणारे कारागीर यांच्या आठवणी संकलित करण्याचे काम इतिहासाच्या अध्यापकांनी वेळीच हाती घेतले, तर दूरदेशीच्या पिकाचा मोह धरण्यापूर्वी आपल्याजवळ काय होते, याचा हिशेब तरी आपणास मांडता येईल.